आदिलशाही घरे गेली कोठे? पाचगणीच्या पायथ्यापासून विजापूरपर्यंत

१/ पाचगणीच्या टेबललँडवरून कृष्णेचे खोरे दिसते. पायथ्याचे वाई सतराव्या शतकात आदिलशाहीचे महत्त्वाचे ठाणे होते. १६५९ साली अफझलखानाचा तळ तेथेच पडला होता. या सरदारांच्या लढाया सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या घरांत बैठक कशी असे, पाणी कोठून येई? याचा शोध घेण्यासाठी त्यांच्या राजधानीत, विजापुरात जावे लागते.

२/ प्रथम गगन महाल. पहिल्या अली आदिलशाहाच्या काळातील या वास्तूत खाली दरबार भरे आणि वर राजकुटुंब राही. आज खालच्या प्रचंड कमानी उभ्या आहेत. वरचा मजला नाहीसा झाला आहे. दरबार उरला, घर गेले. दगड टिकतो, लाकूड, कापड आणि कागद सहसा टिकत नाहीत.

३/ याला एक अपवाद आहे : आसार महाल. १६४६ च्या सुमारास मुहम्मद आदिलशाहाने बांधलेला हा मूळचा ‘दाद महाल’, म्हणजे न्यायदानाचे स्थान. पुढे पैगंबरांचे मानले जाणारे केस येथे ठेवण्यात आले. ‘आसार’ म्हणजे पवित्र स्मृतिचिन्हे. त्यावरून आजचे नाव रूढ झाले.

४/ हे कोणाचे राहते घर नव्हते, तरी राजवाड्याची सजावट येथे ओळखता येते. दर्शनी बाजू उघडी, छत पेलणारे उंच सागवानी खांब, समोर मोठा हौद. वरच्या मजल्यावरील भिंतींवर फुलदाण्या, वेलबुट्टी आणि मानवी आकृतींची पुसट झालेली चित्रे आहेत.

५/ शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावांपैकी एक म्हणजे १६५१ चा बेगम तलाव. तेथून मातीच्या नळांनी पाणी शहरात येई. वाटेतील दगडी मनोरे पाण्याचा दाब कमी करीत, त्यामुळे नळ फुटत नसत.

६/ १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि राजवाडे ओस पडले. आसार महालातील गालिचे आणि ग्रंथसंग्रहाचा काही भाग मात्र टिकून राहिला, कारण तेथील पवित्र अवशेषांमुळे त्या वास्तूची देखभाल चालू राहिली. श्रद्धेने नकळत संग्रहालयाचे काम केले.

७/ पुढचा अध्याय साताऱ्याचा आहे. १८१८ मध्ये विजापूर सातारच्या छत्रपतींच्या राज्यात आले. १८४८ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८५३ मध्ये आसार महालातील उरलेली अरबी-फारसी हस्तलिखिते लंडनला गेली.

८/ आसार महालातील गालिचे आज गोलघुमटाजवळील नगारखान्याच्या संग्रहालयात आहेत. भिंतीवर टांगलेला गालिचा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तो मुळात जमिनीवर अंथरण्यासाठी विणलेला असे. खुर्ची-मेज नसलेल्या त्या काळी लोक त्यावर लोड-तक्क्यांना टेकून बसत. तोच घराची बैठक होता.

९/ त्या घरांतील आणखी एक ठेवा मराठीत आहे. शिवरायांच्या आज्ञेने रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, त्यात उपभोग्य वस्तूंसाठी ‘भोग्यवर्ग’ हा स्वतंत्र विभाग आहे. तरीही दिवाणखाना, गालिचा, पडदा, तबक, सुरई, गुलाबदाणी, हौद हे शब्द मराठी वाड्यांत राहिलेच.

१०/ विजापूरचे सामान विखुरले : ग्रंथ लंडनला, गालिचे नगारखान्यात. वस्तूंची नावे मात्र मराठी माणसाच्या तोंडी राहिली. वाईच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात पाऊल ठेवणारा माणूस त्या हरवलेल्या घराची भाषाच बोलत असतो.