वळणारी चाके

रायपूर-धमतरीची ‘छोटी लाईन’ १९०० साली सुरू झाली. परंतु सपाट धानशेतांतून धावताना तिला घाटाची कसोटी द्यावी लागली नाही. ती दिली नेरळ-माथेरानच्या गाडीने. सर आदमजी पीरभॉय यांच्या द्रव्यसाहाय्याने त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी उभारलेला हा दोन फुटी लोहमार्ग १९०७ साली खुला झाला. वीस फुटांमागे एक फूट चढ आणि पदोपदी अरुंद वळणे! त्यासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन व कोप्पेल कारखान्याने खास वाफेची इंजिने घडविली. त्यांच्या टोकांच्या आसांवर पोकळ आस बसविल्याने चाके रुळांच्या वळणाप्रमाणे वळत. परप्रांती स्थिरावलेल्या आपल्या समाजाचीही रीत हीच : वळावे, परंतु रूळ सोडू नयेत.