निनावी बखरकाराच्या पुतळ्यापाशी

बुडापेस्ट शहरातल्या वारोशलिगेत या विस्तीर्ण बागेत एका बखरकाराचा पुतळा आहे. अंगात पायघोळ झगा, कपाळावरून खाली ओढलेली झग्याची टोपी, त्यामुळे अंधारात हरवलेला चेहरा आणि हातात लेखणी. हंगेरीचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना इतिहास या माणसानं लिहिला, पण आपण बेला राजाचे चिटणीस होतो यापलीकडे स्वतःबद्दल फारसं काही सांगितलं नाही. शिल्पकार मिक्लोश लिगेती यांचा हा पुतळा १९०३ पासून तिथं आहे. त्या लेखणीला हात लावला की विद्या येते अशी समजूत असल्यामुळे तिचं टोक लखलखीत झालं आहे. १९३०च्या सुमारास या पुतळ्यापाशी विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींचा एक कंपू सुट्टीच्या दिवशी जमू लागला. ही मंडळी एकमेकांना गणिती कोडी घालत, ती सुटेपर्यंत वाद घालत आणि पुतळ्याजवळ कंटाळा आला की बुडाच्या टेकड्यांवर भटकायला जात. चालतानाही कोडी चालूच असत.

त्यात पॉल एर्दोश होता, पॉल तुरान होता, तिबोर गल्लाई, ज्यॉर्ज सेकेरेश, एस्तर क्लाइन, मार्ता स्वेद, एंद्रे वाझोन्यी असे आणखी काही जण होते. त्यातले बहुतेक ज्यू कुटुंबांतले. पुढे गणिताच्या इतिहासात या कंपूला त्या पुतळ्याचंच, ‘निनावी’ हे नाव मिळालं.

या मुलांची एकमेकांशी ओळख झाली ती बागेत नव्हे, छापील पानावर. १८९४ च्या जानेवारीत ग्योर या गावातल्या दानिएल अरान्य नावाच्या तरुण शिक्षकानं शाळकरी मुलांसाठी गणिताचं एक मासिक सुरू केलं. त्याचा गाभा म्हणजे उदाहरणं. दर अंकात नवी उदाहरणं छापायची, देशभरच्या मुलांनी उत्तरं टपालानं पाठवायची आणि त्यांतली सर्वांत सुबक उत्तरं पाठवणाऱ्याच्या नावानिशी पुढच्या अंकांत छापायची, असा हा व्यवहार. शाळेच्या परीक्षेत याचे गुण मिळत नसत. मिळायचं ते नाव, आणि वर्षाअखेरीस सर्वांत जास्त उदाहरणं सोडवणाऱ्यांचे फोटो. कुठल्याशा लहान गावातल्या मुलाला आपल्याच वयाच्या, दूरच्या शहरातल्या कुणीतरी हेच उदाहरण अर्ध्या पानात सोडवलंय हे कळायचं. त्याची असूया वाटायची, आणि त्या मुलाला भेटावंसंही वाटायचं.

१८९६ पासून लास्लो रात्स यांनी हे मासिक सांभाळलं. रात्स बुडापेस्टच्या लुथेरन शाळेत शिकवत. ही शाळा ज्या रस्त्यावर आहे, तो सरळ त्याच बागेकडे जातो. जॉन फॉन नॉयमन आणि युजीन विग्नर हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. विग्नर यांना १९६३ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि प्रिन्स्टनमधल्या त्यांच्या खोलीच्या भिंतीवर रात्स मास्तरांचा फोटो होता. हंगेरीनं एवढ्या छोट्या काळात एवढे मोठे गणिती कसे दिले, याची अनेक उत्तरं दिली जातात. त्यांत या मासिकाचा आणि ते चालवणाऱ्या शाळामास्तरांचा वाटा सर्वांत मोठा धरायला हवा. १८९४ मध्येच देशाच्या गणित आणि भौतिकशास्त्र मंडळानं भौतिकशास्त्रज्ञ लोरांद ओत्वोश यांच्या सन्मानार्थ नुकत्याच शाळा संपवलेल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. प्रश्न फक्त तीन, आणि पुस्तकं, वह्या सोबत नेण्याची मुभा. पाठांतराचा इथे काही उपयोग नव्हता.

पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये मासिक बंद पडलं आणि १९२५ मध्ये पुन्हा निघालं. नेमक्या याच सुमाराला एर्दोश बारा वर्षांचा होता. त्याचे आईवडील दोघेही गणिताचे शिक्षक. तुरान, गल्लाई ही नावं त्याच्या डोळ्यांसमोरून आधी गेली ती या मासिकाच्या पानांवरून. वाझोन्यीशी झालेल्या पहिल्या भेटीचा किस्सा गणिती मंडळींत अजून सांगितला जातो. वाझोन्यीच्या वडिलांचं बुडापेस्टमध्ये चपलाबुटांचं मोठं दुकान होतं. एर्दोश तिथं गेला आणि ओळखपाळख न करता चार अंकी संख्या सांग म्हणाला. वाझोन्यीनं २५३२ सांगितली. एर्दोशनं क्षणात तिचा वर्ग सांगितला, ६४,११,०२४, आणि वय झाल्यामुळे घन काही सांगता येणार नाही म्हणून माफी मागितली. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा असेल. पुढचा प्रश्न होता, पायथागोरसच्या प्रमेयाच्या किती सिद्धता येतात? वाझोन्यीला एक येत होती, एर्दोशला सदतीस.

या मौजेमागे एक काळी गोष्टही होती. १९२० मध्ये हंगेरीत विद्यापीठप्रवेशावर बंधन घालणारा कायदा झाला. लोकसंख्येत ज्या समाजाचं जेवढं प्रमाण तेवढ्याच त्यांच्या जागा, असं त्याचं रूप, आणि रोख उघडउघड ज्यू विद्यार्थ्यांवर. एर्दोश राष्ट्रीय परीक्षेत चमकला म्हणून १९३० मध्ये विद्यापीठात शिरू शकला. तुराननं १९३५ मध्ये डॉक्टरेट मिळवली, तरी त्याला शाळामास्तराचीसुद्धा नोकरी मिळेना आणि काही वर्षं त्यानं शिकवण्यांवर काढली. सेकेरेशनं गणितात पदवी घेतलीच नाही. घरचा धंदा चामड्याचा, तो पुढे चालवायचा म्हणून वडिलांच्या इच्छेनुसार तो रसायन अभियंता झाला. एस्तर क्लाइन भौतिकशास्त्र शिकत होती. गणितावर पोट भरेल अशी आशा या कंपूतल्या फारशा कुणाला नव्हती. बागेतल्या बाकावर बसून सोडवलेल्या उदाहरणातून पद, पगार, बढती काहीच मिळायचं नाही, म्हणून तिथं एकमेकांपासून काही लपवायचंही कारण नव्हतं. विद्यापीठानं ज्यांना दाराशी अडवलं, त्यांनी आपलं विद्यापीठ बागेत भरवलं.

१९३२-३३ च्या हिवाळ्यात एस्तर क्लाइन ग्योटिंगेनमधलं एक सत्र संपवून परतली आणि तिनं मित्रांपुढे एक कोडं टाकलं. कागदावर पाच बिंदू काढा. अट एकच, कुठलेही तीन एका सरळ रेषेत नकोत. त्यांतले चार असे निवडता येतील का, की ज्यांना जोडून बहिर्वक्र चौकोन होईल, म्हणजे ज्याचा एकही कोपरा आत दबलेला नाही असा चौकोन?

मित्रांना लगेच जमलं नाही, तेव्हा तिनंच उत्तर दिलं. ते इतकं देखणं आहे की वाचकांनीही पेन्सिल घेऊन पडताळून पाहावं. पाच बिंदूंच्या जागी पाच खिळे ठोकले आहेत आणि सगळ्यांभोवती एक रबर ताणून सोडलं आहे असं समजा. रबर चार किंवा पाच खिळ्यांना टेकलं, तर चौकोन समोरच आहे. तीनच खिळ्यांना टेकलं, तर बाहेर त्रिकोण होतो आणि दोन खिळे आत उरतात. आतल्या दोन खिळ्यांमधून सरळ रेषा काढा. ती त्रिकोणाला छेदून जाईल, तेव्हा त्याच्या तीन शिरोबिंदूंपैकी दोन तरी रेषेच्या एकाच बाजूला पडणार. ते दोन आणि आतले दोन, मिळून हवा तो चौकोन. आकडेमोड नाही, सूत्र नाही. शाळेतल्या पोराला समजेल, आणि तरीही आधी कुणी सांगितलं नसेल तर सुचायला वेळ लागेल, असं हे आहे.

खरी गंमत पुढे सुरू झाली. पाच बिंदूंत चौकोन सापडतोच, तर पंचकोन हमखास सापडण्यासाठी किती लागतील? कंपूतल्या एंद्रे माकाईनं नऊ बिंदू पुरतात हे दाखवलं. मग षट्कोनाला किती? सप्तकोनाला किती? मुळात असा कुठला आकडा असतो तरी का, की हजारो बिंदू काढूनही नशिबानं सप्तकोन टाळता येईल? सेकेरेश या प्रश्नाच्या मागे लागला. प्रश्न एस्तरनं घातला होता म्हणून आपण इतके झटून लागलो, हे त्यानं पुढे स्वतःच सांगितलं. काही आठवड्यांतच असा आकडा नक्की असतो याची सिद्धता त्याच्या हाती आली. मूळच्या रसायन अभियंत्यानं त्या वाटेत फ्रँक रॅम्सी या इंग्रज गणितीचं एक खोल प्रमेय स्वतःहून पुन्हा शोधलं होतं. रॅम्सीचा तो लेख त्याला माहीतही नव्हता.

एर्दोशनं दुसऱ्या वाटेनं जाऊन तो आकडा पुष्कळ खाली आणला आणि १९३५ मध्ये दोघांच्या नावावर तो निबंध प्रसिद्ध झाला. त्याच निबंधातलं दुसरं एक प्रमेय चारचौघांत करून पाहण्यासारखं आहे. वेगवेगळ्या उंचीचे दहा जण हव्या त्या क्रमानं रांगेत उभे करा. त्यांतून चार जण असे निवडता येतातच, की डावीकडून उजवीकडे जाताना त्यांची उंची सतत वाढत जाते किंवा सतत कमी होत जाते. हे चौघे शेजारी शेजारी उभे असायला हवेत असं नाही. रांग कितीही उलटसुलट करा, चार सापडणारच. नऊ जणांत मात्र हे टाळता येतं, आणि ते कसं हे शोधणं हेही एक छान काम आहे.

सेकेरेश आणि एस्तर यांनी १९३७ मध्ये लग्न केलं. एर्दोशनं त्या कोड्याला ‘सुखान्त प्रश्न’ असं नाव देऊन टाकलं, आणि गणिताच्या ग्रंथांत ते आजही त्याच नावानं ओळखलं जातं.

पण सगळ्यांचा शेवट सुखाचा नव्हता. एर्दोश १९३४ मध्ये मँचेस्टरला आणि १९३८ मध्ये अमेरिकेला गेला म्हणून वाचला. सेकेरेश दांपत्य महायुद्धाच्या तोंडावर शांघायला निसटलं. तिथं सेकेरेशला चामड्याच्या रसायनाचं ज्ञान उपयोगी पडलं आणि १९४० मध्ये त्यांना मुलगा झाला. मागे राहिलेल्यांपैकी काही छळछावण्यांत आणि वेठबिगारीत गेले. मिक्लोश श्वाइत्सर नावाचा तरुण गणिती १९४५ च्या जानेवारीत, बुडापेस्टच्या वेढ्यात मेला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी त्याच्या नावानं १९४९ पासून गणिताची स्पर्धा भरते. ती जगातल्या अवघड स्पर्धांत गणली जाते.

तुरानला वेठबिगारीवर नेलं होतं. १९४४ मध्ये त्याला बुडापेस्टजवळच्या एका विटांच्या कारखान्यात लावलं. भट्टीतून विटा काढायच्या, रुळांवरच्या ढकलगाडीत भरायच्या आणि साठवणीच्या जागेपर्यंत न्यायच्या. प्रत्येक भट्टीपासून प्रत्येक साठ्यापर्यंत रूळ टाकलेले होते. जिथं दोन रूळ एकमेकांना छेदत तिथं गाडी घसरायची, विटा पडायच्या आणि वेळ जायचा. घामानं निथळत असताना तुरानच्या मनात आलं, की हे छेद कमीत कमी किती असू शकतील? तीन घरं आणि पाणी, वीज, गॅस यांची तीन केंद्रं, प्रत्येक घराला तिन्ही जोडण्या द्यायच्या पण रेषा छेदू द्यायच्या नाहीत, हे शाळेतलं जुनं कोडं आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. ते अशक्य आहे, निदान एक छेद येतोच. तुरानचा प्रश्न त्याचंच मोठं रूप, घरं कितीही आणि केंद्रं कितीही. त्याचं पूर्ण उत्तर आजवर मिळालेलं नाही. बागेत लागलेली सवय त्या भट्टीसमोरही सुटली नव्हती.

युद्धानंतर सेकेरेश कुटुंब १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियात अॅडलेडला पोचलं. बागेतली मैत्रीण मार्ता स्वेदही तिथंच स्थायिक झाली. सेकेरेशला अखेर गणिताच्या अध्यापकाची नोकरी मिळाली. कृष्णविवरांचा अभ्यास करणाऱ्यांना त्याचं नाव वेगळ्याच कारणानं माहीत असतं. १९६० मध्ये त्यानं मांडलेली निर्देशकांची पद्धत आज क्रुस्कल आणि सेकेरेश या दोघांच्या नावानं शिकवली जाते. पुढे दोघं सिडनीला गेले. एस्तरनं विद्यापीठात शिकवलं आणि शाळकरी मुलांना कोडी घालण्याच्या साप्ताहिक बैठका सुरू केल्या, त्या म्हातारपणापर्यंत चालवल्या. २८ ऑगस्ट २००५ रोजी, तासाभराच्या अंतरानं, अखेर अॅडलेडला परतलेल्या या दोघांचाही तिथंच मृत्यू झाला.

१८९४ च्या त्या मासिकाचा आणि स्पर्धेचा धागा आपल्यापर्यंतही येतो. हंगेरीतल्या स्पर्धांचे प्रश्न १९६३ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपानं आले आणि जगभर ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्यांच्या हाती गेले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झालं. पहिल्या सात देशांत हंगेरी होता. भारत १९८९ पासून त्यात उतरतो, आणि १९९६ च्या जुलैत ते मुंबईत भरलं होतं. आज भारतीय संघाची निवड आणि तयारी मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राकडे असते. स्पर्धा चांगलीच आहे, पण तिथं प्रत्येकजण एकटा बसून लिहितो. महाराष्ट्रातल्या शाळांनी हंगेरीकडून घ्यायला हवी ती दुसरी अर्धी गोष्ट, महिन्याला चार चांगली उदाहरणं आणि ती सोडवायला एकत्र बसणारी पाच-सहा पोरं. त्याला ना इमारत लागते ना अनुदान.

उदाहरणांचा तुटवडाही नाही. एस्तरच्या कोड्यात चौकोनाला पाच, पंचकोनाला नऊ बिंदू पुरतात. षट्कोनाला सतरा पुरतात हे सेकेरेश आणि लिंडसे पीटर्स यांनी संगणकाच्या मदतीनं दाखवलं, आणि तो निबंध सेकेरेशच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये छापून आला. आकडे दर वेळी दुपटीतून एक वजा करत वाढतात असा एर्दोश आणि सेकेरेश यांचा अंदाज होता, आणि तो सिद्ध करणाऱ्याला एर्दोशनं ५०० डॉलर देऊ केले होते. अँड्र्यू सुक यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या अंदाजाच्या अगदी जवळ मजल मारली, पण नेमका आकडा सिद्ध झालेला नाही. बत्तीस बिंदू असे मांडता येतात की त्यांत बहिर्वक्र सप्तकोन मिळत नाही. तेहतीस बिंदूंत तो दर वेळी मिळतोच का, हे जगात अजून कुणालाही सांगता आलेलं नाही.