पात्याचें पतन

धाराशिव जिल्ह्यांत तेरणेच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक सागरी व्यापाराच्या ग्रंथांत ज्या 'तगर' नगराचा उल्लेख येतो तें हेंच, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरांतून साधें कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. ग्रीकांशीं असा जुना व्यवहार असलेल्या या मुलखांत आज एक ग्रीक शब्द वैद्यकाच्या वाटेनें आला आहे. वरची पापणी ओघळून डोळा अर्धवट झांकला गेला, म्हणजे त्या विकारास डॉक्टर 'टोसिस' म्हणतात. या पाहुण्याचें कूळ काय, हें थोडें पाहूं.

मूळ ग्रीक शब्द 'प्तोसिस'. त्याचा अर्थ केवळ 'पडणें'. डोळ्यासाठींच तो घडविलेला नव्हे. ग्रीक व्याकरणकार नामाच्या विभक्तीसहि हाच शब्द लावीत, आणि रोमन लोकांनीं त्याचें भाषांतर करतांना 'पडणें' याच अर्थाचा आपला 'कासुस' शब्द योजिला. 'सिम्प्टम' हा शब्दहि त्याच धातूचा. जें रोगाबरोबर येऊन पडतें, तें लक्षण. या ग्रीक धातूचें नातें भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'पत्' धातूशीं जोडतात. 'पत्' म्हणजे पडणें, तसेंच उडणेंहि. उडण्याच्या अर्थानें त्यापासून 'पत्र' म्हणजे पंख. मग झाडाचें पान. आणि त्या 'पत्रा'वरून आपलें 'पातें'. 'डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच' असें आपण म्हणतों, तेव्हां नकळत त्या ग्रीक शब्दाच्या भाऊबंदाचेंच नांव घेत असतों. पाहुणा घरचाच निघाला!

आतां आपल्या वैद्यांकडे वळूं. सुश्रुतानें नेत्राचे 76 रोग सांगितले असून त्यांतील 21 पापणीचे आहेत. वाग्भटानें पापणीच्या रोगांत 'कृच्छ्रोन्मील' नांवाचा एक रोग दिला आहे. त्यांत झोंपेंतून उठल्यावर पापणी ताठरते, दुखते व उघडण्यास कष्ट पडतात. हा रोग आणि टोसिस एकच, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु नांव ठेवण्याची दृष्टि लक्षांत घेण्याजोगी आहे. ग्रीक शब्द सांगतो, पापणी पडली. वाग्भटाचा शब्द सांगतो, ती उघडतांना कष्ट होतात. आधुनिक शरीरशास्त्राचा कौल या दुसऱ्या दृष्टीकडे पडतो. जागेपणीं पापणी आपोआप उघडी राहत नसते. एक स्नायु तिला सारखा उचलून धरीत असतो, आणि मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकीं तिसरा त्या स्नायूस चालना देतो. तो स्नायु जन्मतःच दुबळा असला, वार्धक्यानें त्याची कंडरा सैल झाली, किंवा मज्जेचा निरोप त्यास पोंचेनासा झाला, कीं पापणी खालीं येते.

हा भेद म्हणजे केवळ शब्दच्छल नव्हे. मण्यार जातीचा साप रात्रीं भुईवर निजलेल्या माणसास चावतो. दंश पुष्कळदां दुखत नाहीं व खूणहि धड दिसत नाहीं. पहांटे त्या माणसाच्या पापण्या उचलेनाशा होतात. घरचीं माणसें म्हणतात, 'झोंप पुरी झाली नसेल, निजूं द्या.' वस्तुतः विषानें मज्जेचा निरोप स्नायूपर्यंत पोंचूं दिलेला नसतो. आणि ज्या कारणानें पापणी उचलत नाहीं, त्याच कारणानें पुढें घोट गिळवत नाहीं व अखेर श्वासहि थांबतो. अशा वेळीं प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास यांची सोय असलेलें इस्पितळ गांठणें हाच उपाय होय. मंत्र-तंत्रांत दवडलेली घटका परत मिळत नाहीं.

म्हणून वाचकांस एवढेंच सांगावयाचें, कीं पातें अकस्मात् पडूं लागलें, तर झोंप समजून त्या माणसावर पांघरूण घालूं नये.