हांकेस ओ देणारीं यंत्रें

मनुष्याच्या हांकेस ओ देणाऱ्या पहिल्या घरगुती यंत्रांपैकीं एक म्हणजे खेळण्यांतला कुत्रा होय. इ. स. १९२० नंतरच्या सुमारास अमेरिकेंत ‘रेडिओ रेक्स’ हें खेळणें विकलें जाऊं लागलें. छोट्या घरकुलांत बसविलेला हा कुत्रा ‘रेक्स’ म्हणतांच टुणकन् बाहेर येई. विद्युच्चुंबक त्यास रोखून धरी. नांवांतील स्वराचीं, सेकंदास सुमारें ५०० ह्या वेगाचीं कंपनें पोंचलीं कीं विद्युत्प्रवाह क्षणभर तुटे, चुंबकाची पकड सुटे व स्प्रिंग कुत्र्यास बाहेर लोटी. अर्थात् कुत्र्यास स्वतःचें नांव कळत नव्हतें. तसल्याच स्वराचा दुसरा एखादा शब्दही त्यास पुरे.

इ. स. १९५२ मध्यें बेल प्रयोगशाळेचें ‘ऑड्री’ यंत्र अंक ओळखूं लागलें. इ. स. २०१४ च्या नोव्हेंबरांत अमेझॉन कंपनीनें ‘एको’ बाजारांत आणला आणि पुढें ‘अलेक्सा’ हें नांव घरोघर झालें. परंतु रेक्सचा दोष पुरता गेला नाहीं. हें यंत्र अष्टौप्रहर कान देऊन बसतें व आपल्या नांवाशीं पुरेसा जुळणारा ध्वनि आला कीं पुढील बोलणें दूरच्या संगणकांकडे धाडतें. पुरेसा म्हणजे किती, हाच सारा पेंच. कसोटी कडक केली तर धन्यालाच ओरडावें लागतें. सैल केली तर शेजारच्या खोलींतील गप्पांनाही ओ मिळते.

इ. स. २०१७ च्या जानेवारींत डॅलस येथील सहा वर्षांच्या मुलीच्या बोलण्यावरून यंत्रानें बाहुलीघर मागविल्याची बातमी आली. सॅन डिएगोच्या दूरचित्रवाणीवर निवेदकानें ती सांगतांच आपल्या घरचीं यंत्रेंही बाहुलीघर मागवूं लागलीं, अशी तक्रार कित्येक प्रेक्षकांनीं केली. येथवर हंसण्यासारखें आहे.

इ. स. २०१८ च्या मे महिन्यांत उघडकीस आलेला पोर्टलंडचा प्रकार तसा नव्हे. एका दांपत्याचें घरांतील संभाषण यंत्रानें टिपून सिएटल येथील ओळखीच्या इसमास परस्पर पाठविलें. कंपनीचें स्पष्टीकरण असें : बोलण्यांतील एका शब्दानें यंत्र जागें झालें, पुढचे शब्द त्यास ‘निरोप पाठव’ असे वाटले, ‘कोणास?’ असें विचारल्यावर गप्पांतच त्यास एक नांव सांपडलें. आणि ‘बरोबर ना?’ ह्यासही होकार ऐकूं आला. एकामागून एक चार गैरसमज! भिंतीस कान असतात, असें वडील माणसें सांगत आलीं. तिला तोंडही फुटेल, हें कोणी कल्पिलें नव्हतें.

इ. स. २०२० मध्यें बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनीं व सहकाऱ्यांनीं निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांस फसविणारे एक हजाराहून अधिक शब्दप्रयोग शोधून काढले. अलेक्सेस ‘इलेक्शन’ एवढेंही पुरे होई. तत्पूर्वीं इ. स. २०१९ सालीं अशा ध्वनिमुद्रणांचे कांहीं तुकडे कंपन्यांचीं माणसें ऐकत असल्याचें वृत्तपत्रांनीं बाहेर आणलें होतें. ॲपलच्या ‘सिरी’संबंधीं ह्यावरून अमेरिकेंत दावा झाला. इ. स. २०२४ च्या अखेरीस कंपनीनें दोष न पत्करतां ९ कोटि ५० लक्ष डॉलर देऊन तो मिटविण्याचें मान्य केलें. एका यंत्रामागें धन्याच्या वांट्यास फार तर २० डॉलर यावयाचे होते.