मूळ गाव : किर्लोस्करवाडी

आमच्या घरात ‘मूळ गाव कुठलं?’ या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. सांगायला बेळगाव आणि मनात किर्लोस्करवाडी. गेल्या महिन्यात वाडीला जाऊन आले. ‘काय काय पाहिलंस ते लिही’ असं भावंडांनी बजावलं होतं, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास (मास्तरीणबाईंची खोड!). लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं आणि पुढे लोखंडी नांगर असा उद्योग मांडला. लोखंडानं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यात बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० साली वस्ती सुरू झाली. माळ कसला, नुसता निवडुंग आणि साप.

त्या पहिल्या काही वर्षांत आमचे आजोबा बेळगावहून आले. ओतकामात मोल्डर होते. लक्ष्मणरावांचं धाडस पुस्तकांतून वाचायला मिळतं. पण तान्ह्या आत्याला कडेवर घेऊन त्या माळावर चूल मांडणाऱ्या आजीचं धाडस कुठे लिहिलेलं नाही. साप निघतात म्हणून ती रात्री कंदील विझू देत नसे, हे आत्याकडून ऐकलेलं.

स्टेशनवर उतरले. कुंडल रोडचं नाव जाऊन किर्लोस्करवाडी झालं त्याला जमाना लोटला. कारखाना चालू आहे, पंप तयार होतात. आजोबांची खोली मात्र सापडली नाही. चाळीचा तो भागच राहिलेला नाही. एका वयस्कर गृहस्थांनी अंदाजानं जागा दाखवली. तिथे थोडा वेळ उभी राहिले.

गाव म्हटलं की घर असतं, कुलदैवत असतं, सातबाऱ्यावर नाव असतं. वाडीत आमचं यातलं काहीच नाही. घर कंपनीचं, आजोबा निवृत्त झाले तशी किल्ली परत केली. मग आमचं तिथे काय उरलं?

विचार करता एक गोष्ट आठवली. १९३० साली वाडीतूनच ‘स्त्री’ मासिक निघू लागलं. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. ते मोठ्यानं वाचत आणि आजी भाकऱ्या थापता थापता ऐके. पुढे ती ओळीखाली बोट धरून स्वतः वाचू लागली. तिच्या तिन्ही मुली शाळेत गेल्या आणि मी बी. ए. झाले ती तिच्याच हट्टानं. जमीनजुमला नाही, पण ही वाडीचीच मिळकत.

भावंडांनो, कुणाच्या ट्रंकेत आजोबांचा एखादा कागद, चाळीचा एखादा फोटो असेल तर शोधा आणि कळवा. सांगणारी माणसं आता आपणच उरलोय.