परक्या दाखल्याचा कांदा

इंग्लंड आणि फ्रान्स यांमधील सामुद्रधुनीत, फ्रान्सच्या किनाऱ्याला अधिक जवळ परंतु इंग्लंडच्या राजाच्या अंमलाखाली असलेले गर्न्सी नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील लोक आपल्या नावाच्या लिलीविषयी एक कथा पिढ्यानुपिढ्या सांगत आले. जपानहून परतणारे एक जहाज बेटाजवळ फुटले, त्यातील काही कांदे लाटांनी वाळूवर आणून टाकले, वाऱ्याने त्यांच्यावर वाळूचे पांघरूण घातले आणि काही वर्षांनी त्या ओसाड पुळणीवर, पानाचा मागमूस नसलेल्या उघड्या दांड्यांवर, शेंदरी फुलांचे झुबके उभे राहिले, अशी ती कथा. सतराव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॉरिसन याने ती ग्रंथात नोंदविल्यामुळे आख्यायिकेला विद्वानांच्या दफ्तरात जागा मिळाली.

कथा गोड आहे, पण पॅरिसच्या एका बागेने ती आधीच खोटी पाडलेली होती. मोरँ नावाच्या माळ्याच्या त्या बागेत 1634 च्या ऑक्टोबरात हेच फूल उमलले होते, आणि पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ जाक कोर्नू याने त्याचे वर्णन जपानचा नर्गिस म्हणून प्रसिद्ध केले. म्हणजे गर्न्सीचा मान उपरा ठरला. जपानचा दाखला मात्र कायम राहिला. जपानात खरोखरच याच ठेवणीचे, लायकोरिस नावाचे तांबडे फूल होते, त्यामुळे त्या दाखल्याला बळही मिळाले. जेम्स डग्लस या शरीरशास्त्रज्ञाने 1725 मध्ये या एकट्या फुलावर एक ग्रंथ लिहिला; माणसाची आतडी तपासून थकलेल्या वैद्याने विसाव्यासाठी असा विषय घेतला असेल, तर त्याला दोष कोण देईल? पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने शास्त्रीय नाव दिले, तेही गर्न्सीच्या प्राचीन लॅटिन नावावरून, सार्निएन्सिस असे.

या फुलाचा खरा मुलूख दक्षिण आफ्रिकेचे टोक, म्हणजे केप. पूर्वेकडून युरोपास जाणारी डच जहाजे, आणि गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज गलबतेही, याच भूशिराला वळसा घालीत. तेथील टेबल उपसागरात गोड्या पाण्यासाठी नांगर टाकण्याची वहिवाट तर डचांची तेथे वसाहत होण्याच्या आधीपासूनची. तेव्हा माझी अटकळ अशी की, कांदा चढला केपला आणि दाखला लागला जहाजाच्या मूळ बंदराचा. इंग्लंडातील क्यूच्या राजोद्यानाने 1772 मध्ये कप्तान कुकच्या जहाजावरून केपला पाठविलेला स्कॉटिश माळी फ्रान्सिस मॅसन याला हेच फूल टेबल माउंटनवर आपोआप उगवलेले आढळले, तेव्हा कुठे या वंशावळीची दुरुस्ती झाली.

जन्मस्थानाचा हा घोळ केवळ पंडितांपुरता नव्हता. गर्न्सीचे बागवान दरसाल हे कांदे इंग्लंडला विकीत; घेणाऱ्याच्या घरी ते एकदा फुलत आणि मग वर्षानुवर्षे नुसती पाने काढून गप्प बसत, कारण मूळ मुलूख ठाऊक नसल्याने त्यांची निगा चुकत असे. ग्लॅडिओलस किंवा डेलिया हिवाळ्यात निजतात, म्हणून त्यांचे गड्डे काढून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवले की थंडी निभते. हा कांदा नेमका उलटा. केपच्या त्या टोकाला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून याची पाने हिवाळ्यात वाढतात, आणि झोप उन्हाळ्यात. आपली कळलावी पावसाळ्यात कुंपणावर पेटते आणि पाऊस सरला की जमिनीखाली दडते. या कांद्याचेही वेळापत्रक पावसाने आखलेले आहे, फक्त तो पाऊस आपल्या आषाढातला असला तरी केपला तेव्हा थंडी असते. युरोपातल्या माळ्याला हिवाळ्यात हिमापासून राखण आणि भरपूर उजेड, दोन्ही एकदम द्यावी लागत, आणि हे काचेवाचून होणे नाही.

काच तर इंग्लंडात महाग. दुसऱ्या जॉर्जच्या कारकीर्दीत तिच्यावर वजनावर जकात बसली ती 1845 पर्यंत उठली नाही. तोवर काचघर हे सरदार-जमीनदारांचे प्रकरण होते, आणि सामान्य गृहस्थ कुंडी खिडकीत ठेवून भागवीत असे. जकात उठल्यावर घरामागे लहान काचघरे उभी राहू लागली आणि असल्या नाजूक कांद्यांना मध्यमवर्गात आसरा मिळाला. त्याआधीच, 1820 मध्ये, विल्यम हर्बर्ट या धर्मोपदेशकाने या कुळाला नेरीन हे जलकन्येचे नाव दिले. जहाज फुटल्याची कथा खोटी आहे हे ठाऊक असूनही तिचा हा गोड वारसा त्याने राखला.

जाणते लोक आजही कुंडी लहानच घेतात, कांद्याची मान मातीवर उघडी ठेवतात आणि कांदे दाटले तरी पुष्कळ वर्षे त्यांना हलवीत नाहीत. वैशाखाच्या सुमारास पाने पिवळी पडली की पाणी तोडतात आणि कुंडी उन्हात भाजू देतात. श्रावण-भाद्रपदात मानेतून कळीचे टोक डोकावले, की मग पहिले पाणी.