करारावर आलेले आणि करारावाचून आलेले : मुंबईच्या वसाहतीचा एक विचार

मुंबईने सर्वांना आश्रय दिला, असे विधान त्या शहरासंबंधीच्या लेखनात वारंवार आढळते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण आश्रय कोणी दिला, कोणाला दिला आणि कोणत्या अटींवर दिला, हे प्रश्न त्यात झाकले जातात. बाहेरून येऊन वसणे हा या बेटांवरील जवळजवळ प्रत्येक समाजाचा समान वारसा होय. कोळी समाज सर्वांत जुना मानला जातो. त्यानंतरच्यांच्या आगमनाची काही ना काही आठवण परंपरेत टिकून आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ बिंबराजाबरोबर कोकणात उतरलेल्या कुळांचा वृत्तान्त देते. हा बिंब पैठणचा की गुजरातेतील पाटणचा, याविषयी विद्वानांत एकमत नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या कुळांनी पुढे वतनांवर व मानपानावर ‘मूळच्यांचा’ हक्क सांगितला, त्यांची स्वतःची बखरच त्यांच्या येण्यापासून सुरू होते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती १६६८ साली बेट आले तेव्हा तिच्यापुढे मुख्य अडचण माणसांची होती. बंदर उत्तम, परंतु व्यापारी सुरतेस; हवा रोगट, आणि शेजारी पोर्तुगीज, सिद्दी व मराठे अशा तीन सत्ता. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने या स्थितीत जे धोरण स्वीकारले त्याचे वर्णन पुढील इतिहासकारांनी ‘उदार’ या एका शब्दात केले. १६७७ साली दीवच्या नीमा पारख या वाण्याने मुंबईस येण्यापूर्वी घातलेल्या अटी पाहिल्या म्हणजे त्या औदार्याचा खरा पोत दिसतो. घर व वखारीसाठी बिनभाड्याची जागा हवी. धर्माचरणास आणि प्रेतदहनास कोणी अडथळा करू नये. आपल्या आवारात ख्रिस्ती वा मुसलमान राहू नये व जीवहत्या होऊ नये. पहाऱ्याच्या सक्तीतून सूट असावी. कोणावर ख्रिस्ती होण्याची जबरदस्ती होऊ नये. हे शरणार्थ्याचे आर्जव नव्हे. आपली गरज आहे हे ओळखणाऱ्या माणसाने केलेला तो व्यवहार आहे. त्यातील एक कलम तर इतरांना आपल्या शेजारापासून दूर ठेवण्याचेच आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे १७३६ साली सुरतेहून जहाजबांधणीसाठी आणलेले लवजी नसरवानजी वाडिया, किंवा १८३२ साली बगदादकडून आलेले डेव्हिड ससून, यांचेही स्वागत याच जातीचे होते. भांडवल अथवा दुर्मिळ कसब ज्याच्यापाशी होते त्याला शहराने आधी विचारले आणि मग आणले.

गिरण्यांच्या काळात हे चित्र पालटले. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची उभारणी आरंभिली आणि पुढील अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, गोवा व पुढे संयुक्त प्रांत येथून माणसे येत राहिली. रत्नागिरीत जमीन थोडी, तीही डोंगरउताराची, आणि तिच्यावर खोतांचा अंमल. उलट मुंबईची बोट एका रात्रीच्या अंतरावर. या माणसांशी कोणी करार केला नाही. जॉबरची ओळख हाच त्यांचा परवाना. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील पाचांपैकी चारांहून अधिक रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. करार नव्हता म्हणून त्यांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या : गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेली सामायिक खोली, बायकांनी चालविलेल्या खाणावळी, धोबीतलाव भागातील गोवेकर खलाशांचे गावोगावचे ‘कूड’. औदार्याची बखर लिहिणाऱ्यांनी या खोल्यांकडे फारसे पाहिलेले नाही.

या वर्गाकडे पाहण्याची शहराची दृष्टी १८९६ च्या प्लेगात उघडी पडली. प्लेगच्या निमित्ताने चाळीतील गर्दी हा रहिवाशांचाच दोष असल्याप्रमाणे लिहिले-बोलले गेले. १८९७ च्या कायद्याने रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी व अटकाव यांचे अधिकार सरकारला मिळाले. भयभीत माणसे गावी पळाली. १८९१ च्या गणनेप्रमाणे सव्वाआठ लाखांच्या आसपास असलेल्या या शहराची जवळजवळ निम्मी वस्ती काही महिन्यांत ओस पडली. तेव्हा मात्र गिरणीमालक रोजच्या रोज मजुरी देऊन एकमेकांचे कामगार पळवू लागले. काल जो उपद्रव होता तो आज दुर्मिळ झाला! आगंतुकाविषयीचे मत त्याच्या गुणदोषांवर किती आणि शहराच्या निकडीवर किती अवलंबून असते, हे यापेक्षा स्पष्ट दाखविणारा प्रसंग शोधूनही सापडणे कठीण.

तथापि सर्व दोष मालकवर्गाच्या व सरकारच्या माथी मारून चालणार नाही. आगंतुकांनी आगंतुकांना दिलेली वागणूक हा या इतिहासातील सर्वांत अवघड भाग आहे. ‘घाटी’ हा शब्द पाहावा : घाटावरून आलेला एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण जो आधी आला त्याच्या तोंडी तो हिणविण्याचा शब्द झाला, आणि हाच क्रम पुढे ‘भय्या’ या आदरार्थी शब्दाच्या वाट्यास आला. त्याहून गंभीर गोष्ट विणकाम खात्याची. धोट्यात सूत ओढताना ते तोंडाने शोषावे लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना अधिक पगाराच्या त्या खात्यात शिरू दिले जात नसे. त्यांना अडविणारेही बहुधा गाव सोडून पोटासाठी आलेलेच होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीतील ही फट सर्वांना दिसली. गावातील वेस माणसांबरोबर शहरात आली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई कोणाची, हा वाद पेटला. एका बाजूने भांडवल मोजले, दुसरीने भूमी, भाषा व घाम यांचा हक्क सांगितला. भाषिक राज्याची मागणी न्याय्य होती, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात आपण येथे कसे आलो, ही आठवण फिकी पडली. १९६६ साली शिवसेनेच्या स्थापनेनंतर दाक्षिणात्यांविरुद्ध जी तक्रार मांडली गेली तीत नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता. पण तक्रार करणाऱ्या अनेक कुटुंबांचे बिऱ्हाड एक-दोन पिढ्यांपूर्वीच कोकणातून वा घाटावरून हललेले होते. मुंबईचे पहिले सविस्तर मराठी वर्णन (१८६३) लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर हेही गोव्यात जन्मून लहानपणी येथे आलेले. त्यांच्या ग्रंथास कोणी परक्याचा ग्रंथ म्हटले नाही, हे योग्यच झाले.

१९८१ साली राज्यशासनाने पदपथावरील व झोपड्यांतील रहिवाशांना हलवून त्यांच्या मूळ ठिकाणी धाडण्याचे ठरविले. त्यातून उभा राहिलेला ओल्गा टेलिस खटला १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र सूचना देऊन व मुदत ठेवून हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. त्या निकालपत्रात एका अर्जदाराची हकीकत नोंदलेली आहे. तो सेलम जिल्ह्यातील भूमिहीन मजूर. दुष्काळाने तेथील आधार गेला म्हणून १९६१ साली मुंबईस आला, एका कारखान्यात लागला आणि झोपडीच्या जागेसाठी एका दादास अडीच हजार रुपये देऊन बसला. जुलै १९८१ मध्ये झोपडी पाडल्यावर त्याला पत्नी व तीन मुलींसह सेलमच्या बसमध्ये बसविण्यात आले. कुटुंबाला तेथे ठेवून तो कामाच्या शोधात पुन्हा मुंबईस परतला.